पहिल्या दिवसाचा निकाल आणि गोव्यात पोचलेले कन्सोल

नवा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचे यंत्र, बाजारात आला की आठ दिवसांत त्याला डोक्यावर तरी घेतात नाहीतर मोडीत तरी काढतात. या घाईचा एक ठळक प्रसंग 11 मे 1995 चा. लॉस एंजेलिसला गेम-उद्योगाच्या पहिल्या ई-थ्री मेळाव्यात सेगा कंपनीने आपला सॅटर्न हा कन्सोल 399 डॉलरला जाहीर केला. ठरलेली सप्टेंबरची तारीख सोडून तो त्याच दिवशी काही निवडक दुकानांत ठेवलाही. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘299’ एवढेच, म्हणजे आपल्या प्लेस्टेशनची किंमत, म्हणाले आणि खाली उतरले. प्लेस्टेशन अमेरिकेत विकायला सप्टेंबर उजाडला, पण लोकांच्या मनातला निकाल त्याच्या बाजूने तिथेच लागला होता.

तो निकाल योग्य निघाला, पण दर वेळी तसे होत नाही. पहिल्या दिवशी समोर असते ती किंमत आणि सोबत आलेले चार-दोन गेम. यंत्राचा कस लागतो तो पुढच्या दोन वर्षांत. 2000 साली जपानमध्ये प्लेस्टेशन 2 आला तेव्हा गेम यथातथाच होते. कित्येकांनी तो स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर म्हणून घरी नेला. पुढे त्याचा खप 15 कोटींच्या वर गेला. निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा थ्रीडीएस 2011 मध्ये 250 डॉलरला आला आणि पडून राहिला. सहा महिन्यांच्या आत किंमत 170 वर आणावी लागली, आणि अखेर साडेसात कोटींहून जास्त विकला गेला. उलट मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 चे 2005 मध्ये कौतुक झाले. यंत्र तापून बंद पडते आणि बटणाभोवती तीन लाल दिवे लागतात, हे मागाहून कळले. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांवर न्यावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला ठेवावी लागली.

गोव्यात या निकालाला वेगळेच परिमाण होते. इथे लाँचची तारीख म्हणजे परदेशात कामाला असलेला मामा किंवा काका सुट्टीवर यायची तारीख, बहुधा चवथीच्या आगेमागे. त्यातही तो कुठून येतो हे महत्त्वाचे. आखातात काम करणाऱ्याने दुबईहून आणलेला सेट इथल्या विजेवर आणि टीव्हीवर बिनबोभाट चालायचा, कारण तिथेही 220 व्होल्ट आणि टीव्हीच्या चित्राची इथलीच पाल पद्धत. क्रूझवर असलेल्याने मायामीच्या बंदरात घेतलेला प्लेस्टेशन 2 मात्र 120 व्होल्टचा. तो ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट प्लगला लावला की पॉवर सप्लायचा निकाल लागलाच. वाचला तरी जुन्या टीव्हीवर चित्र काळेपांढरे, शिवाय दुबईहून आलेली डिस्क त्यात चालायची नाही. मग दुसऱ्या देशाच्या डिस्क चालाव्यात म्हणून ‘चिप बसवून देतो’ म्हणणारा कोणीतरी शोधायचा. ग्राफिक्स किती भारी यापेक्षा डिस्क वाचणारी लेन्स गेली तर इथे मिळेल का, हा प्रश्न आधी यायचा. माझ्या मते परीक्षणांत न सापडणारी ही कसोटी जास्त शहाणपणाची होती, निवडलेली नसली तरी.

अधिकृत विक्री हळूहळू जवळ आली. प्लेस्टेशन 3 भारतात एप्रिल 2007 मध्ये 39,990 रुपयांना आला. अमेरिकेत त्याच्या 599 डॉलर किमतीवरून उठलेली ओरड तोवर सगळ्यांच्या कानांवर होती. प्लेस्टेशन 4 जानेवारी 2014 मध्ये, तर प्लेस्टेशन 5 2 फेब्रुवारी 2021 ला, म्हणजे अमेरिकेनंतर तीन महिन्यांच्या आत. त्याचे बुकिंग काही मिनिटांत संपले. थांबून पाहण्याची सक्ती गेली, तशी थांबण्याची सवयही गेली म्हणायची.

निन्टेंडोचा मात्र अजून जुनाच मार्ग. स्विच 2017 मध्ये आला, पण कंपनीने तो इथे अधिकृतपणे विकला नाही. तो बॅगेतून किंवा आयात करणाऱ्या दुकानदाराकडून येतो. आता चार्जर कुठल्याही व्होल्टेजला चालतो आणि गेमला देशाचे बंधन नाही. विचारायचे उरते ते एवढेच, की बिघडला तर दुरुस्त कोण करणार.