पार्श्वभूमी : दोन बाणांचं क्रिकेट

सांगलीत विश्रामबागच्या कॉलेज पट्ट्यातल्या सायबर कॅफेत 2005 च्या आसपास शिरलं की आधी रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहायचा आणि मग मशीन मागायचं. आमच्यातली पोरं हटकून पाच नंबरचं मागायची, कारण क्रिकेटच्या गेममधला सगळ्यात मोठा स्कोअर त्या मशीनवर होता. ब्राउझरमध्ये ‘फ्लॅश’ या सॉफ्टवेअरवर चालणारे हे गेम बेस्ट स्कोअर बऱ्याचदा त्याच कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर एका छोट्या फाइलीत ठेवायचे. त्यामुळे रेकॉर्ड खेळणाऱ्याचा नसायचा, मशीनचा असायचा. मोडायचा तर तिथंच जाऊन बसावं लागे.

पडद्यावरच्या खेळांचा उगम एका ओळीत सांगून पुढं जातो : 1958 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, टेनिस खेळलं गेलं, 1972 मध्ये ‘पाँग’ आला. चेंडू वेळेवर परतवायचा, एवढाच खेळ. ब्राउझरमधल्या गेमनी हेच घराणं चालवलं. फ्लॅश 1996 मध्ये आलं ते चित्रं हलवण्याचं साधन म्हणून, तेही वेगळ्या नावानं. 2000 च्या पाचव्या आवृत्तीत त्याला अॅक्शनस्क्रिप्ट ही भाषा मिळाली आणि घरी बसून एकट्या माणसाला अख्खा गेम लिहिता येऊ लागला.

हे गेम साधे का होते, याचं उत्तर इंटरनेटच्या लाइनमध्ये आहे. डायल-अपचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटचा, वेग कागदावर 56 केबीपीएस (सेकंदाला 56 किलोबिट, म्हणजे सात किलोबाइट), हाती पडायचे सेकंदाला पाच-सहा किलोबाइट. सहाशे केबीचा गेम उतरायला दोन मिनिटं लागत, आणि एकाच लाइनवर पाच मशीन असली तर विचारूच नका. फ्लॅशमध्ये चित्र ठिपक्याठिपक्यानं साठवलं जात नसे. रेषा कुठून कुठं जाते याचं गणित साठवलं जायचं, म्हणून फाइल हलकी राहायची. काडीची माणसं, एक खेळपट्टी, डावा बाण, उजवा बाण. स्टिक क्रिकेट आमच्याकडं गाजलं ते याच दोन बटणांवर. फटका कुठल्या बाजूला मारायचा ते बाण ठरवायचा, बाकी सगळं टायमिंग. जिल्हा विजय हजाऱ्यांच्या जन्मगावाचा, इथं टायमिंग कुणाला शिकवावं लागत नाही. ‘भावा, एक ओव्हर दे की,’ म्हणत पाठीमागं उभा राहिलेला पोरगा बघूनच गेम शिकून घ्यायचा. खुर्चीवर बसेपर्यंत त्याला यॉर्कर ओळखता यायचा.

फुकट म्हणायचे, पण तास फुकट नव्हता. तो भाड्याचा होता, आणि सहा चेंडूंत संपणारा डाव त्या तासात चपखल बसायचा. ब्रॉडबँड घरी आल्यावरही हिशेब सुटला नाही. त्या वेळच्या एका लोकप्रिय प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड मोफत असे. मी दोनचा गजर लावून उठलोय, गेमच्या फाइली उतरवून पेन ड्राइव्हवर घेतल्यात. कॅफेवाल्या दादांनीही डी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचं फोल्डर करून ठेवलं होतं. लाइन गेली तरी पोरं उठून जाऊ नयेत, हा त्यामागचा व्यवहार. गेम म्हणजे एक फाइल आहे, ती कॉपी करून ठेवता येते, हे आम्हाला त्या फोल्डरनं शिकवलं. पुढच्या वादात हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो.

तो वाद फ्लॅश बंद करण्याच्या निर्णयाचा. फोनवाल्या एका बड्या कंपनीच्या प्रमुखानं एप्रिल 2010 मध्ये जाहीर पत्र लिहून फ्लॅशला नकार कळवला : बॅटरी खातं, सुरक्षित नाही, बोटानं वापरण्यासाठी बनलेलं नाही. नोव्हेंबर 2011 मध्ये मालक कंपनीनंच मोबाइलवरचं फ्लॅश सोडून दिलं. ऑक्टोबर 2014 मध्ये एचटीएमएल5 चं, म्हणजे फ्लॅशशिवाय ब्राउझरमध्येच गेम-व्हिडिओ चालवणाऱ्या तंत्राचं, प्रमाणीकरण पूर्ण झालं, जुलै 2017 मध्ये फ्लॅशच्या शेवटाची घोषणा झाली आणि 31 डिसेंबर 2020 ला पाठबळ थांबलं.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. फ्लॅशमधल्या भगदाडांतून व्हायरस शिरायचे हे खरं आहे, कॅफेतली काही मशीन महिन्याआड फॉरमॅट व्हायची ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. साडेतीन वर्षांची मुदतही पुरेशी होती. पण मालकांनी शेवटच्या आवृत्त्यांत एक कुलूप घातलं : 12 जानेवारी 2021 पासून प्लेअर, म्हणजे फ्लॅशच्या फाइली चालवणारा प्रोग्रॅम, स्वतःच चालायला नकार देणार. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर, नेट नसताना, तुमच्याजवळची फाइलसुद्धा त्या प्लेअरमध्ये उघडणार नाही. विकणं थांबवणं वेगळं आणि घरात येऊन भांडं उचलून नेणं वेगळं. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याला तर स्वतःचेच फॉर्म भरता यावेत म्हणून खास ब्राउझर काढावा लागला. फ्लॅश मुक्तस्रोत करा, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला करा, निदान जपणूक तरी होईल, अशी मागणी 2017 मध्येच अर्जाद्वारे झाली होती. ती मान्य झाली असती तर कुलपाची गरजच उरली नसती. कंपनीच्या बाजूनं सांगतात की अर्धवट जुना प्लेअर लाखो मशीनवर पडून राहणं धोक्याचं होतं. असेल. पण त्या धोक्याचा सगळा भार काडीच्या माणसांवर पडला, ज्यांनी कुणाचं काही चोरलं नव्हतं.

जपणूक झाली ती हौशी लोकांच्या हातून. ‘फ्लॅशपॉइंट’ या प्रकल्पात हजारो गेम गोळा झाले, आणि ‘रफल’ हा नवा प्लेअर जुन्या फाइली आजच्या ब्राउझरमध्ये सुरक्षितपणे चालवतो. साधेपणा फ्लॅशवर अवलंबून नव्हता, हेही दरम्यान दिसलं : 2017 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीवेळी गूगल सर्चच्या पानावर आलेल्या डूडलमध्ये, म्हणजे लोगोच्या जागी आलेल्या छोट्या गेममध्ये, रातकिडे बॅटिंग करायचे, गोगलगायी फिल्डिंग, आणि सगळा गेम एका टिचकीवर. तो आजही चालतो. ना नाणी विकत घ्यायची, ना लॉगिन. ॲपमधल्या ‘फ्री’ क्रिकेटमध्ये तिसऱ्या ओव्हरला जाहिरात पाहायला लागते तेव्हा मला हे रातकिडे आठवतात.

माझ्या पेन ड्राइव्हवरच्या चाळीसेक फाइली मी गेल्या महिन्यात रफलमध्ये उघडून पाहिल्या. बहुतेक चालल्या. क्रिकेटचा गेम उघडला, आवाजही तोच, यॉर्कर अजून डोळ्यांनी ओळखला. बेस्ट स्कोअरच्या चौकटीत शून्य होतं. पाच नंबरच्या मशीनवरचा आकडा त्या मशीनबरोबरच गेला : ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांपुढं गेली तेव्हा दादांनी ती जुनी मशीन पेठेतल्या तळमजल्याच्या गोदामात ठेवलेली होती. पाणी उतरल्यावर दादांनी चिखलातून कॅबिनेट बाहेर काढले, एकेक उघडून पाहिले आणि भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवले.