क्युरेटिंगच्या आधी एकदा आत पाहणं

सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसले नाहीत, की ‘पिशवी साफ करून घ्या’, म्हणजे क्युरेटिंग करा, असं सांगितलं जातं. घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात: जड उचललं होतंस का? पपई खाल्लीस का? उत्तर देऊ शकला असता तो गर्भच, आणि आठव्या आठवड्यात जेमतेम दीड सेंटीमीटरचा असलेला तो जीव क्युरेटिंगमध्ये अखंड राहत नाही.

गर्भाशयात दुर्बिणीतून पाहणं तसं जुनं. १८६९ साली पँटालिओनी या डॉक्टरांनी रक्तस्राव होणाऱ्या एका ६० वर्षांच्या बाईच्या गर्भाशयातला पॉलिप (आतल्या अस्तरावरची मांसल वाढ) असाच पाहिला होता. गर्भ पाहिला तो स्वीडनच्या वेस्टिन यांनी, १९५४ साली, गर्भाशयाच्या तोंडातून १० मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालून. सत्तरच्या दशकात गर्भातले दोष शोधायला फीटोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भ पाहण्याची तपासणी, आली. सोनोग्राफी सुधारली तशी तपासणीपुरती ती मागे पडली.

दरम्यान, साठच्या दशकात कॅनडात डेव्हिड कार यांनी आपोआप पडलेल्या गर्भांची गुणसूत्रं तपासली. बऱ्याच गर्भांत गुणसूत्रांचाच घोटाळा निघाला. पण या तपासणीत एक मोठी फट होती. क्युरेटिंगच्या नमुन्यात आईच्याही पेशी येतात. प्रयोगशाळेत त्याच वाढल्या, तर रिपोर्ट येतो: ४६,एक्सएक्स (स्त्रीची नेहमीची ४६ गुणसूत्रं), नॉर्मल. म्हणजे तपासली गेली आई, आणि बाळात दोष नव्हता असं समजून ती बाई स्वतःलाच दोष देत राहते. मला हे फार क्रूर वाटतं.

इथे दुर्बीण पुन्हा कामी आली. व्हिएन्नाचे टॉम फिलिप आणि व्हँकुव्हरच्या डॅगमार कालुसेक यांच्या चमूने क्युरेटिंगच्या आधी आत पाहायला सुरुवात केली. सलाइनने गर्भाशय फुगवायचं, बारीक कात्रीने आवरणं उघडायची, मग डोकं, पाठ, हातांचे कोंब नीट पाहायचे. २००३ साली त्यांनी अशा २३३ गर्भांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची गुणसूत्रं तपासता आली, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश गर्भांत ती सदोष होती. काहींची गुणसूत्रं ठीक होती, पण शरीराची घडण बिघडलेली होती. नुसत्या रिपोर्टमधून हे कळलंच नसतं. त्याच वर्षी स्पेनमधल्या डॉक्टरांनी दुर्बिणीखाली थेट गर्भाचाच तुकडा घेऊन आईच्या पेशींची भेसळ टाळता येते हे दाखवलं.

प्रत्येकीला याची गरज नाही, सोय तर फार थोड्या ठिकाणी आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्यांदा गर्भ गेला असेल, तर क्युरेटिंगच्या आधीच विचारावं. गुणसूत्रं तपासायची असतील तर नमुना फॉर्मॅलिनमध्ये नको, निर्जंतुक सलाइनमध्ये हवा. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, मग त्या वाढवता येत नाहीत.