दोन किलोमीटर बर्फाखालचं घर्षण आणि न्यूटनची पद्धत

अंटार्क्टिकाचा बर्फ सरासरी दोन किलोमीटर जाड आहे, काही ठिकाणी तर साडेचार किलोमीटरच्याही वर, आणि तो जागेवर बसून नाहीये, स्वतःच्याच वजनाने सतत समुद्राकडे सरकतोय. आतल्या भागात वर्षाला जेमतेम काही मीटर, पण पाइन आयलंड हिमनदीत वर्षाला चार किलोमीटर. सगळा वितळला तर जगभरात समुद्र ५८ मीटरच्या आसपास वर येईल. तसं आपल्या हयातीत होणार नाही, पण पुढच्या शंभर वर्षांत त्यातला किती बर्फ समुद्रात उतरेल हा प्रश्न खराखुरा आहे, आणि आपण तर तो जास्तच मनावर घ्यायला हवा, कारण एवढ्या प्रचंड बर्फाचं गुरुत्वाकर्षण आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून धरतं, पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ गेला की ते पाणी सुटतं आणि हिंदी महासागरात पातळी जगाच्या सरासरीपेक्षा जास्त चढते.

उत्तर अडतं ते तळाशी. बर्फाखाली जिथे चिखल आणि पाणी आहे तिथे अख्खा थर घसरत जातो, जिथे तो खडकाला गोठून चिकटलाय तिथे तळ हलतच नाही, वरचा बर्फ तेवढा आतल्या आत वाकत हळूहळू वाहतो. कुठे किती घर्षण आहे ते थेट मोजायचं तर दोन-तीन किलोमीटर खोल भोक पाडायला लागतं, आणि अख्ख्या खंडावर अशी भोकं पाडत बसणं शक्यच नाही. आपल्याला दिसतो फक्त वरचा वेग. २०११ मध्ये रडार सॅटेलाइट्सच्या डेटावरून अख्ख्या अंटार्क्टिकाच्या वेगाचा नकाशा प्रसिद्ध झाला. मग प्रश्न असा की या वरच्या वेगावरून खालचं घर्षण काढता येईल का?

सुलट प्रश्न आधी बघू. घर्षण माहिती असेल तर वेग काढता येतो, कारण बर्फ हा खूप घट्ट द्रव असल्यासारखा वाहतो आणि त्याची गणितं ठरलेली आहेत. स्टोक्सची समीकरणं, त्यात १९५० च्या दशकात जॉन ग्लेनने प्रयोगातून काढलेला नियम, की बर्फावर ताण जितका जास्त तितका तो मऊ होत जातो. ही पार्शियल डिफरन्शियल इक्वेशन्स, थोडक्यात पीडीई, म्हणजे बर्फाच्या प्रत्येक बिंदूवर एकाच वेळी लागू होणारी अट. कॉम्प्युटरवर बर्फाचे लाखो छोटे तुकडे करून ती सोडवतात, आणि पूर्ण खंडासाठी एकदा सोडवायची तरी सुपरकॉम्प्युटर लागतो. पुढचं सगळं वाचताना हा खर्च डोक्यात ठेवा, कारण या क्षेत्रात कुठलीही पद्धत चांगली की वाईट हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरतं, तिला पीडीई किती वेळा सोडवावी लागते.

उलट प्रश्न म्हणजे असं घर्षण शोधायचं की त्यातून निघालेला वेग सॅटेलाइटच्या वेगाशी जास्तीत जास्त जुळेल, आणि अट ही की पीडीई मोडायची नाही. तळाच्या प्रत्येक बिंदूवर एक अनोळखी आकडा, असे दहा लाख आकडे. हे काम पहिल्यांदा केलं शिकागो विद्यापीठाच्या डग्लस मॅकएयलने, १९९२ मध्ये, पश्चिम अंटार्क्टिकातल्या 'आइस स्ट्रीम ई' नावाच्या एका बर्फाच्या प्रवाहावर, त्या प्रवाहाला आता मॅकएयलचंच नाव आहे.

पहिली अडचण उताराची. प्रत्येक आकडा जरासा हलवला तर चूक, म्हणजे मॉडेलचा वेग आणि सॅटेलाइटचा वेग यांतला फरक, किती वाढते किंवा कमी होते हे कळायला हवं, यालाच उतार म्हणतात, आणि दहा लाख आकडे एकेक करून हलवून बघायचे तर दहा लाख वेळा पीडीई सोडवा, म्हणजे विषयच संपला. इथे अ‍ॅडजॉइंट नावाची युक्ती कामाला येते आणि माझ्या मते आधुनिक गणितातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे. वरच्या वेगातली चूक घ्यायची, ती इनपुट म्हणून एका जोडीदार समीकरणात घालायची, ते समीकरण ती चूक बर्फातून खाली तळापर्यंत नेऊन पोचवतं आणि दहा लाखच्या दहा लाख उतार एकदम हातात येतात. खर्च काय, तर एक सुलट पीडीई आणि एक अ‍ॅडजॉइंट, बस. आकडे दहा असोत की दहा लाख, खर्च तेवढाच. वर अ‍ॅडजॉइंट समीकरण लिनिअर, म्हणजे साधं सरळरेषी असतं, त्यामुळे ते मूळ समीकरणापेक्षा स्वस्तच पडतं.

पण नुसत्या उतारावर भागत नाही. चूक कुठे किती आहे याचा आलेख काढला तर तो लांबलचक अरुंद घळीसारखा असतो, दोन्ही बाजूंना कडे आणि मधून अगदी मंद उतार, आणि जो फक्त पायाखालचा उतार बघून चालतो तो एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर आपटत राहतो, घळीच्या तोंडाकडे फार थोडा सरकतो. वेगाने वाहणाऱ्या भागातलं घर्षण जरा बदललं तर वर लगेच दिसतं, गोठलेल्या भागातलं दुप्पट केलं तरी वर पत्ता लागत नाही, ही घळ तिथूनच येते. बर्फाच्या तुकड्यांची जाळी जितकी बारीक करू तितकं हे बिघडत जातं आणि हजारो स्टेप्स लागू शकतात.

न्यूटनची पद्धत उताराबरोबर वक्रताही बघते, म्हणजे उतार स्वतः कसा बदलतोय ते. तिचा मूळ विचार न्यूटनने १६६९ च्या आसपास एका साध्या समीकरणावर दाखवला होता, एका संख्येच्या घनातून तिची दुप्पट आणि वर ५ वजा केले की शून्य येतं, तर ती संख्या कोणती? २ पासून सुरुवात करा, पुढची स्टेप २.१, त्यापुढची २.०९४५७, त्यापुढची २.०९४५५१४८, इथे दशांशानंतरचे आठही आकडे बरोबर आलेले आहेत. उत्तराच्या जवळ पोचलं की प्रत्येक स्टेपला बरोबर आकड्यांची संख्या साधारण दुप्पट होते. आपल्याकडे समीकरण हे की उतार शून्य हवा, आणि संख्या एक नाही, दहा लाख.

दहा लाख म्हटलं की वक्रतेची मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, जिला हेसियन म्हणतात, ती दहा लाख गुणिले दहा लाख. नुसती साठवायची तर ८ टेराबाइट, आणि ती भरायची तर प्रत्येक कॉलमसाठी पीडीई सोडवा. म्हणून बरीच वर्षं लोक धरून चालायचे की पीडीईच्या मोठ्या प्रॉब्लेमला न्यूटन परवडत नाही, आणि ते क्वासी-न्यूटन पद्धती वापरायचे ज्या जुन्या स्टेप्सच्या उतारांवरून वक्रतेचा अंदाज बांधतात. आजही कित्येक बर्फाची मॉडेल्स तेच करतात आणि कामही भागतं.

पण ती मॅट्रिक्स बनवायची गरजच नसते. न्यूटनची स्टेप काढायला कॉन्जुगेट ग्रेडियंट नावाची, टप्प्याटप्प्याने उत्तराकडे जाणारी पद्धत वापरली तर तिला एवढंच विचारायचं असतं, की या दिशेला हेसियन लावली तर काय मिळतं? आणि या एका प्रश्नाचं उत्तर दोन लिनिअर पीडीईंमध्ये मिळतं, एक सुलट जाणारी, एक अ‍ॅडजॉइंट. असे किती प्रश्न विचारावे लागतात ते जाळी किती बारीक आहे त्यावर नाही, डेटामध्ये खरोखर माहिती किती आहे त्यावर ठरतं, आणि बर्फाच्या जाडीपेक्षा बारीक तपशील वर येईपर्यंत पुसले जातात म्हणून ती माहिती मुळात मर्यादितच असते. शिवाय सुरुवातीला, उत्तरापासून लांब असताना, स्टेप अगदी काटेकोर काढण्यात अर्थ नसतो, ढोबळ चालते, जवळ गेल्यावर नेमकेपणा वाढवायचा, याला इनएक्झॅक्ट न्यूटन म्हणतात आणि त्याचा पक्का सिद्धांत डेम्बो, आयझेनस्टॅट आणि स्टायहाउग यांनी १९८२ मध्ये मांडला. लांब असताना खरी वक्रता उलटीही निघू शकते, मग न्यूटन खाली न्यायच्या ऐवजी वर घेऊन जाईल, म्हणून तिच्यातले त्रासदायक भाग सोडून देतात आणि उरते ती गॉस-न्यूटन, जी कधी चढावर नेत नाही. नोएमी पेत्रा, गिऑर्ग श्टाडलर, ओमार घट्टास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बर्फासाठी नेमकी ही पद्धत मांडली आणि २०१५ पर्यंत ती अख्ख्या अंटार्क्टिकावर चालवून दाखवली.

मला या सगळ्यात सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र पद्धतीच्या वेगाची नाही. हेसियन तुम्हाला उत्तरापर्यंत लवकर नेते तशीच ती त्या उत्तरावर कुठे किती विश्वास ठेवायचा तेही सांगते. ज्या दिशेला वक्रता जास्त, तिथे घर्षण जरा चुकलं तरी डेटा लगेच ओरडतो, म्हणजे तिथलं उत्तर पक्कं. जिथे वक्रता जवळजवळ शून्य, तिथे डेटाला काही म्हणायचंच नाही, आणि नकाशावर दिसणारा आकडा हा आपण आधीच धरून चाललेल्या समजुतीतून आलेला असतो. अख्ख्या अंटार्क्टिकाच्या त्या कामात दहा लाखांहून जास्त दिशांपैकी डेटाने खरंच बोलावं अशा काही हजारच निघाल्या. रंगीत नकाशा बघून हे कळत नाही, हेसियन बघून कळतं, आणि समुद्र किती चढेल या अंदाजासोबत 'इतकं कमी-जास्त' असं जे लिहायला हवं ते बरंचसं इथूनच निघतं. म्हणून मला वाटतं, दोन पीडीई जास्त लागल्या तरी त्या खर्चाव्यात.

एक गोष्ट मात्र न्यूटनच्याही हाताबाहेरची आहे. एका काळच्या वेगावरून त्या काळचं घर्षण कळतं, उद्या तळाचं पाणी वाट बदलेल तेव्हा ते कसं वागेल हे कळत नाही. त्यासाठी वेगाची अनेक वर्षांची मालिका लागते, आणि २०१४ पासून सेंटिनल-१ सॅटेलाइट्समुळे ती आता मिळायला लागलीये. तिथे अ‍ॅडजॉइंट काळात मागे चालवावा लागतो, शेवटच्या दिवसापासून पहिल्याकडे, आणि प्रत्येक पावलाला त्या दिवसाची बर्फाची पूर्ण स्थिती लागते जी साठवायला मेमरी पुरत नाही, मग अधूनमधून थोड्याच स्थिती जपून ठेवायच्या आणि मधल्या परत मोजायच्या, पीडीईचा हिशेब पुन्हा नव्याने मांडायचा. सध्या काम तिथे चाललंय.