रुग्णालयांतील प्रतिरोधी जिवाणूंचा प्रसार

प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू रुग्णालयात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाणे, तिथल्या वस्तूंवर टिकून राहणे आणि आपली प्रतिरोधक जनुके इतर जिवाणूंना देणे, हे सारे या प्रसारात येते. मेथिसिलिन हे प्रतिजैविक १९५९ मध्ये वापरात आले. त्याला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जिवाणू ब्रिटनमध्ये १९६१ मध्येच सापडले.

सर्वाधिक धोका अतिदक्षता विभागात असतो. तिथे दिली जाणारी प्रबळ प्रतिजैविके आतड्यातले निरुपद्रवी जिवाणूही मारतात आणि प्रतिरोधी जिवाणूंना फोफावायला मोकळे रान मिळते. कॅथेटर आणि व्हेंटिलेटरच्या नळ्यांवर ते चिकट थर करून राहतात; त्या थरात औषध नीट परिणाम करत नाही. क्लेबसिएलासारखे जिवाणू प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळांतून प्रतिरोधाचा गुण दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात.

जिवाणू खाटेखाटेवर पोहोचतात ते मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या हातांवरून. हातमोजे घातले म्हणजे झाले, असे मानणे धोक्याचेच. तेच मोजे दुसऱ्या रुग्णाला लागले की उपयोग संपला. अल्कोहोलयुक्त द्रवाने बहुतेक जिवाणू मरतात, पण क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपे, मरत नाहीत. ते साबण-पाण्याने धुऊन काढावे लागतात.

खरी अडचण मूक वाहकांची. त्यांच्या आतड्यात जिवाणू असतो, लक्षण मात्र एकही नसते. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात २०११ मध्ये प्रतिरोधी क्लेबसिएला असलेली एक रुग्ण आली. तिला वेगळे ठेवले होते. ती घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसरा बाधित रुग्ण सापडला. जिवाणूंच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना केल्यावर साथीचे मूळ तीच असल्याचे दिसले. मधल्या काळात जिवाणू नकळत पसरत होता. एकूण १८ जण बाधित झाले, ११ दगावले, त्यांतील ६ मृत्यू या संसर्गामुळे मानले गेले. बेसिनच्या निचरा नळ्यांत आणि स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही तो जिवाणू आढळला.

म्हणून केवळ आजारी रुग्णांचे नमुने तपासणे पुरत नाही. नेदरलँड्समध्ये जोखमीच्या गटातील रुग्णांची दाखल होतानाच मेथिसिलिन-प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकससाठी तपासणी होते आणि निकाल येईपर्यंत त्यांना वेगळे ठेवतात. परदेशी रुग्णालयातून आलेल्यांबरोबरच डुक्करपालनाच्या कामात असलेलेही तिथे याच गटात मोडतात.