तंबाखूच्या बारात चुना कशासाठी?

निपाणी-चिकोडी भागात तंबाखू मळणारा हात शोधावा लागत नाही. डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू, डबीतून नखानं काढलेला चुना, अंगठ्यानं घोटणं, दोन थापट्या मारून धूळ उडवणं आणि मग खालच्या ओठात बार. चुन्यानं चव येते असं सगळे सांगतात. खरं तर तंबाखू 'लागते' तीच चुन्यामुळे.

आम्लधर्मी वातावरणात निकोटीनच्या, म्हणजे तंबाखूतल्या व्यसन लावणाऱ्या द्रव्याच्या, रेणूवर विद्युतभार असतो, आणि असा रेणू ओठाच्या आतल्या नाजूक अस्तरातून सहज जात नाही. चुना पडला की मिश्रण अल्कधर्मी होतं, भार उतरतो आणि निकोटीन थेट रक्तात शिरतं. विडीच्या धुरातलं निकोटीन फुप्फुसांतून १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचतं. बारातलं सावकाश चढतं, पण बराच वेळ टिकतं.

तंबाखूचं झाड निकोटीन हे विष किडींपासून वाचण्यासाठी मुळांत बनवतं आणि पानांत साठवतं. शेतकरी शेंडे खुडतो, फुटवे काढतो, तेव्हा पानातलं निकोटीन आणखी वाढतं. ओल्या पानांत राबणाऱ्यांना चक्कर, मळमळ, उलट्या होतात, कारण ते कातडीतूनही आत जातं. हे पीक म्हणजे इथल्या कित्येक घरांची भाकरी. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीत झालेल्या आंदोलनात शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. त्यामुळे तंबाखूविरुद्ध बोलताना जीभ जड होते, तरी बोलायलाच हवं.

निकोटीन मेंदूत पोहोचलं की डोपामाइन नावाचं रसायन स्रवतं आणि बरं वाटतं. रोजच्या माऱ्यानं मेंदूतले निकोटीन पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) वाढतात. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे रात्रभरात जवळजवळ संपतं. उठल्या उठल्या हात चंचीकडे जातो तो यामुळे. अशा माणसाला 'मनावर घे, सुटेल' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. बदललेल्या मेंदूशी त्याची झुंज चाललेली असते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण: चिडचिड, झोपमोड, कशात लक्ष नाही. पुढच्या तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो.

जास्त काळजी वाटते ती मिश्रीची. भाजून कुटलेली तंबाखू दातांना लावणाऱ्या आया-आज्यांना घरात कुणी व्यसनी म्हणत नाही. दात दुखतो म्हणून सुरू होतं, मग दिवसातून चार-पाच वेळा बोट डबीत. निकोटीन हिरडीतूनही तसंच शोषलं जातं, आणि सोबत येतात तोंडाचा कॅन्सर करणारे नायट्रोसामाइन. गरोदरपणी मिश्री लावणाऱ्या बाईच्या बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. बायकांना याबद्दल विचारायला हवं, आणि दटावून नव्हे.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या निकोटीन गमनं तलफ आवरते, पण तो चुइंगमसारखा सतत चघळायचा नाही. थोडा चावावा, चुणचुणलं की गालाच्या कोपऱ्यात धरून ठेवावा. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक टाळावं, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटीन शोषलं जात नाही. गरोदर बाईनं किंवा हृदयविकार असलेल्यानं आधी डॉक्टरांना विचारावं. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा आहे. तिथं समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात.