निर्मितीगट, स्वतंत्र चित्रपटाचा (खान्देश)

मोठी निर्मितीसंस्था, वितरक किंवा वाहिनी यांचा पैसा पाठीशी नसताना चित्रपट पूर्ण करणाऱ्या माणसांचा समूह. लेखक, दिग्दर्शक, छायालेखक, ध्वनिमुद्रक, संकलक, कला-वेशभूषा-रंगभूषा पाहणारे, आणि पैसा, परवानग्या, गाड्या व जेवण सांभाळणारी निर्मितीची बाजू, हे त्याचे भाग सगळीकडे सारखेच असतात. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे आणि जुन्या खान्देशाशी जोडलेला मालेगाव-बागलाणचा पट्टा, इथे गट बहुधा लहान असतो आणि एकाच माणसाच्या वाट्याला तीन कामे येतात. माणसे कमी झाली म्हणून कामे कमी होत नाहीत. जे काम कुणाच्याच नावावर लागले नाही, ते पडद्यावर दिसते किंवा ऐकू येते.

अशा गटबांधणीचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण मालेगावचे आहे. यंत्रमागांचे हे गाव आज नाशिक जिल्ह्यात आहे. मागांना शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीचा दिवस सिनेमाचा. व्हिडिओ पार्लर (व्हिडिओवर चित्रपट दाखवणारी छोटी जागा) चालवणारे शेख नासिर यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट काढला. त्याचा खर्च सुमारे 50,000 रुपये सांगितला जातो. संकलनाचे शिक्षण त्यांनी कुठे घेतले नव्हते. दोन व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेट चालवणारी व भरणारी यंत्रे) जोडून एकावरचे दृश्य दुसऱ्यावर उतरवत जाणे, हीच त्यांची शाळा. लेखनाची बाजू फरोग जाफरी यांच्याकडे, तर अक्रम खान अभिनयाबरोबर इतर कामांतही पुढे. फैजा अहमद खान यांनी 2008 साली केलेल्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात हा गट सुपरमॅनचा विडंबनपट काढताना दिसतो. वर-खाली जाणाऱ्या क्रेनसाठी बैलगाडी वापरली आहे, ट्रॉलीसाठी सायकल. सुपरमॅन उडवायचा तर मागचे दृश्य नंतर बदलता यावे म्हणून हिरवा पडदा लागतो, म्हणून हिरवे कापड ताणले आहे. नायक शफीक शेख हा यंत्रमाग कामगार. चित्रीकरणाच्या मधेच त्याचे लग्न आले आणि वेळापत्रक त्याभोवती फिरवावे लागले. माहितीपट 2012 साली भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, त्याआधीच शफीक कर्करोगाने गेला होता. याच मंडळींवर रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ 2025 साली प्रदर्शित झाला. त्याची पटकथा वरुण ग्रोव्हर यांची.

मालेगावच्या जुगाडाचे कौतुक खूप होते. त्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते, आणि तीच खरी शिकण्याजोगी आहे: बैलगाडीची क्रेन तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा त्या ठिकाणी कॅमेरा वर का जायला हवा हे आधी ठरलेले असते. साधन तिथेच जुळवले जात होते, पण दृश्याचा विचार वर्षानुवर्षे चित्रपट पाहून आणि पार्लरमध्ये दाखवून पक्का झालेला होता. उणीवही तिथलीच नोंदवायला हवी. स्थानिक स्त्रिया या गटात जवळपास नव्हत्या. नायिका बाहेरगावहून आणावी लागे. खान्देशच्या इतर भागांतही कॅमेऱ्यामागे स्त्रिया थोड्याच आहेत, आणि घरातले, शेतातले बायकांचे जग लिहिताना त्याची किंमत पटकथेला मोजावी लागते.

लेखनाच्या बाजूला खान्देशात एक जादा जबाबदारी येते ती बोलीची. पश्चिमेकडे अहिराणी, पूर्वेला यावल-रावेर-भुसावळ भागात लेवा गणबोली, सातपुड्याच्या पट्ट्यात भिली आणि पावरी, मालेगाव शहरात उर्दूच्या वळणाची हिंदी. अहिराणीही सगळीकडे एक नाही. साक्रीची आणि अमळनेरची कानाला वेगळी लागते. पटकथा प्रमाण मराठीत लिहून शेवटी संवादांना अहिराणी प्रत्यय लावले, तर खान्देशी प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत ते कळते. म्हणून बोली पाहणारा माणूस वाचनाच्या टप्प्यापासून हवा आणि चित्रीकरणातही कानाला हेडफोन लावून बसलेला हवा. हे काम गावातली एखादी आजी किंवा वही (खान्देशातला लोकगीतांचा प्रकार) गाणारा कलावंत उत्तम करतो. खान्देशी तमाशा, सोंगाड्या पार्टी आणि वहीगायन यांतून आलेल्या नटांना हजरजबाबी संवाद सहज येतो. मात्र मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायची त्यांची सवय कॅमेऱ्यासमोर खाली आणावी लागते, आणि त्यासाठी दिग्दर्शकाने तालमीचे दिवस राखून ठेवायला हवेत.

छायालेखकाची अडचण मुख्यतः उन्हाची. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. माणसे थकतात, कॅमेरे तापून बंद पडतात. त्यामुळे बाहेरचे प्रसंग सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर, मधल्या वेळेत घरातले, अशी आखणी होते. केळीच्या बागेत पानांतून आलेला प्रकाश चेहऱ्यावर हिरवट झाक टाकतो. पांढरा थर्माकोल जवळ धरून ती मारतात. घरातल्या साध्या ट्यूब किंवा एलईडी दिव्यांखाली चित्र लुकलुकते, कारण आपली वीज 50 हर्ट्‌झची. शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवले की लुकलुकणे थांबते. स्थिर छायाचित्रणात या प्रदेशाची परंपरा मोठी आहे. चाळीसगावचे केकी मूस (1912-1989) यांनी घराबाहेर फारसे न पडता, टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून आख्खी निसर्गदृश्ये उभी केली. कमी साधनांत प्रकाश कसा वाचावा हे शिकायचे असेल तर नव्या छायालेखकाने त्यांची छायाचित्रे जरूर पाहावीत.

ध्वनिमुद्रक हा लहान गटात सर्वांत आधी वगळला जाणारा माणूस, आणि ही काटकसर सर्वांत महाग पडते. मागांची खडखड, मोटारपंप, भुसावळच्या मालगाड्या, देवळावरचे कर्णे हे सगळे संवादात मिसळले की नंतर वेगळे काढता येत नाही. मग पूर्ण डबिंग करावे लागते. शेतमजूर किंवा शाळकरी मुलगा ज्या तऱ्हेने आपल्या अंगणात बोलला, तसा तो बंद खोलीत माइकसमोर बोलत नाही. प्रत्येक जागी काम संपल्यावर सगळ्यांनी गप्प राहून तिथली नुसती शांतता मिनिटभर मुद्रित करावी. संकलकाला दोन तुकडे जोडताना तीच कामी येते.

निर्मिती व्यवस्थापक बहुधा त्याच तालुक्यातला असतो. कुणाच्या वाड्यात चित्रीकरण होईल, अखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाईच्या सणाच्या दिवसांत कोण येणार नाही, कापूस वेचणीच्या हंगामात गर्दीची माणसे का मिळत नाहीत, हे त्याला ठाऊक असते. शेवभाजी-भाकरी किंवा हिवाळ्यात भरीत वेळेवर आले नाही तर दुपारनंतरचे काम ढिले पडते, हेही.

पैसा कमी असल्याने मेहनताना पुढे ढकलला जातो आणि बोलणी तोंडी होतात. इथेच गट फुटतात. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपटाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे निर्माता. कथा-पटकथा, गीत, संगीत यांच्या कर्त्यांना 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या स्वामित्वधनात (रॉयल्टीत) वाटा मिळाला आहे, आणि तो त्यांच्याकडून लिहून काढून घेता येत नाही. म्हणून कुणाचे काम काय, श्रेयनामावलीत नाव कसे आणि उत्पन्नातला वाटा किती, हे चित्रीकरणाआधी एका कागदावर सह्यांसह असावे. चित्रपटगृहात लावायचा तर 1952 च्या चलच्चित्र कायद्याखाली प्रमाणपत्र लागते. यूट्यूबवर थेट टाकण्यासाठी ते लागत नाही. सीडीचा काळ सरल्यावर खान्देशी विनोदी चित्रफिती आणि अहिराणी गाणी यूट्यूबकडे वळली त्याचे हे एक कारण. तिथे मात्र उसने संगीत वापरले की मूळ मालकाचा दावा येतो आणि उत्पन्न त्याच्याकडे जाऊ शकते, त्यामुळे स्वतःचा संगीतकार गटात असणे आता सोयीपेक्षा गरजेचे झाले आहे.