वहिनींनी 'पाहिलेलं' पडणं

वहिनी मेथी निवडत होत्या, मी समोर चहा घेऊन बसलो होतो. विषय निघाला 'द स्टेअरकेस'चा, म्हणजे अमेरिकेतल्या एका बाईच्या जिन्यातल्या खऱ्याखुऱ्या, गूढ मृत्यूचा. त्यांनी २०२२ ची मालिका पाहिली होती, कॉलिन फर्थ आणि टोनी कोलेट असलेली. मी त्याच नावाचा माहितीपट बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिलेला.

"अहो भाऊजी, ती पडूनच गेली. मी पाहिलंय ना," देठ मोडता मोडता वहिनी म्हणाल्या.

"काय पाहिलंत?"

"पडताना पाहिलं तिला."

तिला पडताना कुणीच पाहिलेलं नाही. सगळं प्रकरण त्यावरच तर अडलेलं आहे.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहम नावाचं शहर आहे. ९ डिसेंबर २००१ च्या रात्री २ वाजून ४० मिनिटांनी तिथल्या मायकल पीटरसन या कादंबरीकाराने मदतीसाठी फोन केला. बायको जिन्यावरून पडलीय, अजून श्वास चालू आहे, लवकर या. जिन्याच्या पायथ्याशी कॅथलीन मृतावस्थेत सापडली. डोक्याच्या मागच्या बाजूला सात जखमा, भिंतींवर रक्तच रक्त. कवटी मात्र शाबूत. सरकारी पक्ष म्हणाला, नवऱ्याने मारलं. बचाव पक्ष म्हणाला, घसरून पडली. इतकं रक्त पाहिल्यावर कुणालाही खूनच वाटेल. पण डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि त्यांच्याभोवतीच्या चिवट ऊतीमुळे त्या कापल्या गेल्यावर चटकन मिटत नाहीत. लहान मुलाच्या डोक्याला खोक पडल्यावर घरात जो हाहाकार उडतो तो आठवा. त्यामुळे नुसतं रक्त किती सांडलं यावरून काही ठरत नाही.

ऑक्टोबर २००३ मध्ये ज्यूरीने पीटरसनला दोषी ठरवलं आणि त्याला जन्मठेप झाली. २०११ मध्ये उघड झालं की रक्ताच्या डागांवर साक्ष देणाऱ्या सरकारी तज्ज्ञाने स्वतःचा अनुभव फुगवून सांगितला होता. न्यायाधीशांनी नव्याने खटला चालवायचा आदेश दिला. तो खटला कधी उभा राहिलाच नाही. २०१७ मध्ये पीटरसनने 'आल्फर्ड प्ली' घेतली, म्हणजे गुन्हा कबूल नाही, पण सरकारकडे मला दोषी ठरवण्याइतका पुरावा आहे हे मान्य. ठरलेल्या शिक्षेपेक्षा जास्त काळ त्याने आधीच तुरुंगात काढलेला होता. तो घरी गेला आणि फाइल बंद झाली. त्या रात्री जिन्यात काय घडलं, ते रिकामंच राहिलं.

मालिकेने ही रिकामी जागा चित्रांनी भरली. तीही एकदा नाही. एकदा कॅथलीन पडते, एकदा तिच्यावर हल्ला होतो आणि एकदा चक्क घुबड येतं. (हसू नका. शेजारच्या एका वकिलाने घुबडाच्या हल्ल्याची शक्यता गंभीरपणे मांडली होती. तिच्या हातातल्या केसांत पिसाचे बारीक अंश सापडले होते.) करणाऱ्यांनी हे प्रामाणिकपणेच केलंय, तिन्ही शक्यता समोर ठेवल्या आहेत. पण वहिनींच्या डोक्यात तीनपैकी एकच राहिली आणि तीही 'पाहिलेली' म्हणून.

स्मृतीचा अभ्यास करणारे याला स्रोत ओळखण्यातली चूक म्हणतात. मार्सिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना नीट मांडली. आठवणीला 'हे मी कुठून आणलं' अशी चिठ्ठी चिकटवलेली नसते. आठवताना मेंदू अंदाज बांधतो. चित्र ठसठशीत आहे, आवाज आहे, रंग आहे, म्हणजे हे बहुधा प्रत्यक्ष घडलेलं किंवा पाहिलेलं. रोजच्या व्यवहारात हा अंदाज बरोबर निघतो. चांगल्या दिग्दर्शकाने चित्रित केलेला प्रसंग मात्र खऱ्या आठवणीहून ठसठशीत असतो. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाविषयी बोलताना हे मी कितीदा अनुभवलंय. समोरच्या माणसाने त्यावरचा 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट पाहिलेला असेल, तर त्यातल्या खुनी जक्कलचं नाव घेतल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे नाना पाटेकर उभे राहतात. वर्तमानपत्रातले जुने फोटो पाहिलेले असले तरी.

अँड्र्यू बटलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना इतिहासावरचे बिनचूक मजकूर वाचायला दिले आणि त्याच विषयांवरच्या गाजलेल्या चित्रपटांचे तुकडे दाखवले. तुकड्यांत काही गोष्टी मजकुराशी जुळणाऱ्या होत्या, काही चक्क उलट. आठवड्याने मजकुरावर प्रश्न विचारले. जुळणाऱ्या गोष्टी चित्रपटामुळे जास्त चांगल्या आठवल्या. जिथे चित्रपट चुकीचा होता, तिथे मात्र अनेकांनी चित्रपटातलीच चूक मजकुरात वाचल्याचं म्हणून लिहिली. 'चित्रपटात चुका असू शकतात' अशी सरसकट सूचना आधी देऊन काही फरक पडला नाही. 'अमुक गोष्ट चूक आहे, खरं तमुक आहे' असं नेमकं सांगितल्यावर मात्र चुका बऱ्याच कमी झाल्या. 'काही प्रसंग नाट्यमय केले आहेत' ही सुरुवातीची पाटी, जी आपण वाचतही नाही, ती पहिल्या जातीची सूचना आहे.

इथवर वाचून माहितीपटवाले खूश झाले असतील. दोन्ही पाहिलेल्यांत एक गट ठामपणे म्हणतो, खरा माणूस बघितल्यावर नट कशाला बघायचा? मीही त्याच गटातला होतो.

पण माहितीपटाचा कॅमेरा कुठे उभा होता ते बघा. फ्रेंच दिग्दर्शक झाँ-झाविए द लेस्त्राद यांना पीटरसनच्या घरात आणि बचावाच्या वकिलांच्या बैठकांत मुक्त प्रवेश होता. शेकडो तासांच्या चित्रणातून २००४ मध्ये आठ भाग निघाले, पुढे भर पडत २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर तेरा झाले. आपण तासन् तास वकिलाच्या टेबलाशी बसतो, त्याच्याबरोबर वैतागतो, त्याच्या विनोदाला हसतो. सरकारी वकील दिसतात ते बहुतेक कोर्टात, लांबून. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लॅसिटर यांनी १९८० च्या दशकापासून पोलिसांसमोरच्या कबुलीजबाबांच्या चित्रीकरणावर प्रयोग केले. जबाब तोच, शब्द तेच. कॅमेरा फक्त संशयितावर रोखलेला असला की बघणाऱ्यांना कबुली स्वखुशीची वाटते. पोलीसही तितकाच दिसत असला की दबावाची शंका येते. कोन बदलला की मत बदलतं आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मांडणीचंही तसंच. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी यांनी एकाच खटल्याचा तोच पुरावा दोन तऱ्हांनी ऐकवला. सरकारी बाजू गोष्टीसारखी सलग आणि बचाव तुकड्यातुकड्यांत, तर ७८ टक्के लोकांनी दोषी म्हटलं. उलट केलं, तर ३१ टक्क्यांनी. माहितीपटाच्या संकलनाच्या टेबलावर हेच घडतं. त्यातही गंमत अशी की या माहितीपटाच्या संकलनात असलेल्या एका बाईंचं पुढे पीटरसनशी अनेक वर्षं प्रेमप्रकरण होतं. माहितीपट पाहताना हे कुठेच कळत नाही. मालिकेने ते उघड मांडलं. तेही घटनांचा काळ मागेपुढे सरकवून, असा लेस्त्राद यांचा आक्षेप. स्वतःचं चित्रण मालिकेच्या लोकांना वापरू दिल्यावर आपला विश्वासघात झाला, असं ते जाहीरपणे म्हणाले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तरी मला वाटतं, मालिकेने निदान संकलनाची खोली दाखवली. आणि कॅथलीन दाखवली, हसणारी, नोकरीने दमलेली, चिडणारी. माहितीपटात ती बहुतेक करून फोटो आणि शवविच्छेदनाचा अहवाल एवढीच आहे.

म्हणून मला माहितीपटाचीच जास्त धास्ती वाटते. नट दिसला की मनाचा एक कोपरा जागा राहतो, हे नाटक आहे म्हणून. खरा माणूस खऱ्या खुर्चीत बसून पाइप ओढताना दिसला की तो कोपराही झोपतो.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं. मेथी निवडून झाली होती. "बरं, मग लावा तुमचा तो माहितीपट," त्या म्हणाल्या. रविवारी बसलो. दोन भाग त्यांनी गप्प बसून पाहिले. मग रिमोट माझ्या हातातून घेतला आणि मागे नेऊ लागल्या.

"काय शोधताय?"

"अहो, ती पडते ते. मघाशी आलं असेल, माझं लक्ष नव्हतं."